गवतातल्या दोघी : 'ओनिबाबा' पाहण्याआधी

आमच्या प्रवरेच्या पट्ट्यात ऊस डोक्याच्या वर गेला की पोरांना दिवेलागणीनंतर बांधापलीकडे जायला बंदी असायची. कारणं तीन सांगत : बिबट्या, चकवा आणि हडळ.

बिबट्याचं खरं निघालं. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्याच्या बागायती खोऱ्यात कॅमेरे लावून अभ्यास केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे आढळले. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीत पडलेला 'आजोबा' माळशेज घाटात सोडल्यावर चालत चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. चकवाही खोटा नव्हता. आडसाली उसात एकदा शिरलं की चार सऱ्यांतच दिशा हरवते आणि माणूस फिरून फिरून त्याच पाटाशी येतो. राहिली हडळ. ती काय आहे हे समजायला मला फार वर्षं लागली. ज्या सिनेमानं ते समजावलं तो जपानी आहे, कृष्णधवल आहे, आणि त्यात ऊस नाही, गवत आहे.

कानेतो शिंदो यांचा 'ओनिबाबा' १९६४ साली आला. नाव ऐकून आपल्याकडचा माणूस फसतो. शिर्डीच्या जिल्ह्यात 'बाबा' म्हटलं की हात जोडले जातात. जपानीत मात्र 'ओनि' म्हणजे राक्षस आणि 'बाबा' म्हणजे जख्ख म्हातारी. आजीला चेटकीण म्हणायचं झालं तर जसं म्हणू, तसं हे नाव. सिनेमा बघून झाला की हे नाव त्या बाईला कुणी दिलं, का दिलं, हा प्रश्न उरतो. माझ्यापाशी तो अजून आहे.

गोष्ट चौदाव्या शतकातली. जपानात दोन राजघराणी सिंहासनासाठी भांडत होती आणि सरदारांच्या फौजा एकमेकींना कापत होत्या. शेतकऱ्यांची पोरं ओढून लढाईला नेली जात. आपल्याकडे त्याच शतकाच्या अखेरीला दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला असं परंपरा सांगते, म्हणजे पोट तिथलंही रिकामं होतं आणि इथलंही. नदीकाठच्या उंच गवतात एक सासू आणि तिची सून राहतात. मुलगा लढाईवर गेलेला. शेत पिकत नाही. मग वाट चुकून त्या गवतात येणाऱ्या दमल्या-जखमी सैनिकांना या दोघी भाल्यानं मारतात, अंगावरचं चिलखत आणि हत्यारं उतरवून घेतात, प्रेतं एका खोल खड्ड्यात ढकलतात आणि माल व्यापाऱ्याला देऊन त्याच्या बदल्यात धान्य आणतात. पुढे लढाईतून पळून आलेला शेजारी हाची सांगतो की मुलगा मेला. सून रात्री त्याच्या झोपडीकडे जाऊ लागते. सून गेली तर एकटीनं जगणं निभायचं नाही, हे सासूला पक्कं माहीत. एका रात्री राक्षसाचा मुखवटा घातलेला एक सरदार वाट विचारत येतो. ती त्याला खड्ड्यात पाडते, त्याच्या तोंडावरचा मुखवटा काढते आणि तोच घालून सुनेला वाटेत भिववायला लागते.

पुढचं इथे सांगत नाही. मुखवट्याचं मात्र सांगावंच लागेल, कारण शिंदो यांनी ही गोष्ट शून्यातून काढलेली नाही. जपानी बौद्ध परंपरेत एक जुनी उपदेशकथा आहे. सून रोज मंदिरात जाते म्हणून चिडलेली सासू मुखवटा घालून तिला घाबरवते आणि मुखवटा तोंडाला चिकटून बसतो. पश्चात्ताप करून प्रार्थना केल्यावर तो निघतो खरा, पण कातडीसकट. धर्म अडवणाऱ्या सासूला शिक्षा, असा त्या कथेचा रोख. शिंदो यांनी मंदिराच्या जागी पुरुषाची झोपडी ठेवली, आणि एवढ्या एका बदलानं उपदेशाचा पायाच निघाला. आता सून पुण्य करायला जात नाही, भुकेनं जाते, आणि सासूही पाप म्हणून अडवत नाही, भुकेच्या भीतीनं अडवते. दोघींपैकी कुणाला दोष द्यायचा हे बघणाऱ्याला ठरवता येत नाही. मुखवट्याखालून निघालेल्या चेहऱ्याची रंगभूषा करताना शिंदो यांच्यासमोर अणुबॉम्बमध्ये भाजलेल्या माणसांची छायाचित्रं होती. ते स्वतः हिरोशिमाचे. १९५२ मध्ये त्यांनी त्या शहराच्या मुलांवर सिनेमा केला होता. चौदाव्या शतकातल्या म्हातारीच्या गालावर त्यांनी विसाव्या शतकातला व्रण ठेवला.

हल्ली सिनेमातल्या विविधतेची आणि प्रतिनिधित्वाची चर्चा सुरू झाली की पडद्यावर कोणकोणते चेहरे दिसले याची मोजणी होते. मोजणी हवीच. जिथे काही चेहरे शंभर वर्षं दिसलेच नाहीत तिथे मोजल्याशिवाय कळणार कसं? पण भयपटात मोजणी पुरत नाही. भयपटात दुबळ्यांना जागा नेहमीच मिळत आली. म्हातारी, विधवा, वेडा, परका, अस्पृश्य, सगळे तिथे असतात. ते भीती दाखवायला असतात, भिणारे म्हणून नव्हे. म्हणून कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, हे आधी बघावं लागतं.

'ओनिबाबा'त तो गवताच्या आत आहे. चिबा प्रांतातल्या इनबा दलदलीच्या काठी सुसुकी गवतात हे चित्रीकरण झालं, आणि छायाचित्रकार कियोमी कुरोदा यांनी ते गवत माणसाच्या उंचीवरून, आतून दाखवलं. सरदार येतात ते बाहेरून, हरवलेले, उपरे. ज्यांच्या नावानं इतिहास लिहिला जातो ते इथे वाट चुकलेले पाहुणे आहेत, आणि ज्यांचं नाव कुठेच नाही त्या घरच्या. दोघींना सिनेमाभर नाव नाही. सासू आणि सून, बस्स. नोबुको ओतोवा आणि जित्सुको योशिमुरा यांनी त्या केल्या. पहिल्या दहा मिनिटांत आपण दोन खून बघतो, आणि तरी मन त्यांच्याकडे झुकतं, कारण त्यांच्यासोबत आपणही धापा टाकत गवतातून पळत असतो. कष्टकरी बाईला दयेचं पात्र न करता तिच्या क्रौर्यासकट मधोमध ठेवणं, हे मला या सिनेमाचं सर्वांत मोठं काम वाटतं.

एक गोष्ट मात्र सिनेमा सांगत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातला प्रेक्षक ती विचारल्याशिवाय राहणार नाही : या दोघींची जात कोणती? मढ्याला हात लावणं, जनावरांची कातडी काढणं ही कामं जपानातही ठरावीक समाजांच्या माथी होती. त्यांना विटाळलेलं मानत, त्यांच्या वस्त्या वेगळ्या होत्या. १८७१ च्या सरकारी हुकमानं तो दर्जा कागदावर रद्द झाला, पण भेद पुढेही राहिला. प्रेतावरचं चिलखत उतरवणाऱ्या या दोघींविषयी शिंदो याबद्दल काही बोलत नाहीत. मला ती उणीव वाटते. गरिबी त्यांनी जितकी खोल पाहिली तितकी जन्मानं चिकटणारी अप्रतिष्ठा पाहिली नाही. आपण ती पाहू शकतो, कारण आपल्या भुतांनाही जात आहे.

मराठी भुतांची नावं एकदा सावकाश म्हणून बघा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी गेला तो मुंजा, पिंपळावर. विद्येचा किंवा धनाचा लोभ सुटला नाही असा ब्राह्मण, तो ब्रह्मसमंध. खवीस मुसलमानाचा, असं जुनी माणसं सांगत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी अशी माहिती गावोगावच्या शिक्षकांकडून गोळा केली होती. १९०९ मध्ये त्यांचा खून झाल्यावर एन्थोव्हेन यांनी ती छापली. ते वाचताना लोककथांपेक्षा खानेसुमारी वाचतोय असं वाटतं. कोण मेल्यावर कुठे बसणार, किती मान मिळणार, कशानं शांत होणार, हे सगळं जिवंतपणीच ठरलेलं. ब्रह्मसमंधाला नैवेद्य आणि नमस्कार, खवीसाला नुसती शिवी.

आणि हडळ? ती बाळंतपणात गेलेली बाई. उलटी पावलं, मोकळे केस, विहिरीच्या काठी किंवा पिकात उभी. जपानात तिची सख्खी बहीण आहे, तिचं नाव उबुमे. तीही बाळंतपणात गेलेली, हातात तान्हं घेऊन वाटेवर उभी राहणारी. तोरियामा सेकिएन या चित्रकारानं १७७६ च्या आपल्या भूतपुस्तकात तिचं चित्र काढलं आहे. ती वाटसरूला म्हणते, जरा बाळ धर. काही गोष्टींत ती मेल्यावरही बाळासाठी दुकानातून खाऊ विकत नेते. आपल्या हडळीच्या हातातलं बाळ कुठे गेलं, हे मी कुठल्याच गोष्टीत ऐकलं नाही. आमच्या आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "बाळाचं कुनी इचारलंच न्हाई."

मराठी भयाचा पत्ताही एकच आहे. नारायण धारपांचे वाडे, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा यांवर आमच्या दोन पिढ्या पोसल्या, आणि त्या ऋणात मी आहे. पण पडद्यावर भीती बहुतेक वेळा कोकणातच राहायला गेली. 'रात्रीस खेळ चाले' कोकणात, २०१८ चा 'तुंबाड' कोकणात, २०२४ चा 'मुंज्या' कोकणात. पाऊस, माडाची सावली, जुना वाडा, वाड्यात पुरलेलं धन किंवा घराण्याचं पाप. 'तुंबाड' मला फार मोलाचा वाटतो. राही अनिल बर्वे यांनी लोभ या एका गोष्टीचा तीन काळांत पाठलाग केला आहे, आणि घराण्याचं वैभवच शाप म्हणून दाखवलं आहे. तरी त्याच्यातही शाप वारसाहक्कानं येतो, आणि वारसा यायला आधी वाडा असावा लागतो. ज्यांच्याकडे नुसती कोपी, म्हणजे झोपडी आहे, त्यांच्या भुतानं राहायचं कुठे?

देशावर, उसात, भूत आणलं ते विशाल फुरिया यांनी. 'लपाछपी' १४ जुलै २०१७ ला आला. कर्ज देणाऱ्यांपासून पळणारं शहरातलं जोडपं, बायको गरोदर, ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरात आसरा घेतं. घराच्या चहूबाजूंनी ऊस. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींवर सिनेमा उभा आहे. जिथे मुली जन्मू दिल्या जात नाहीत तिथल्या उसात लपाछपीचा खेळ चालला आहे, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. तो आमच्या जिल्ह्याचाच सिनेमा आहे असं मला वाटलं, कारण २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या आणि आमच्या जिल्ह्यात ८५२. शेजारच्या बीडमध्ये ८०७. न जन्मलेल्या मुलींचं गाव म्हणजे ही रिकामी जागाच. पुढे २०२१ मध्ये त्याचा हिंदी अवतार 'छोरी' आला आणि देशभर पाहिला गेला, याचा आनंद आहे.

तरीही एक बोच राहते. 'लपाछपी'चा कॅमेरा शहरातून आलेल्या सुनेबरोबर गावात शिरतो. तिला ऊस अनोळखी, म्हणून तो भीतीदायक. गावातली म्हातारी तुळसाबाई तिला अनोळखी, म्हणून ती भीतीदायक. तुळसाबाईलाही कुणी तरी कधी तरी मुखवटा चढवला असेल, तो तिच्या कातडीला कसा चिकटला असेल, हे उषा नाईक यांच्या डोळ्यांत क्षणभर दिसतं आणि कथा पुढे जाते. शिंदो तिथेच थांबले असते. दुसरं म्हणजे एवढा ऊस, आणि तो तोडणारं कुणीच दिसत नाही.

आमच्याकडे ऊस आपोआप आलेला नाही. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं, त्याचं पाणी खालच्या पट्ट्यात आलं. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं उभा केलेला लोणीचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. आमची शाळा, दवाखाना, पक्कं घर या साखरेतून आलं, हे मी विसरत नाही. पण तोडायला माणसं येतात ती त्याच जिल्ह्याच्या कोरड्या अंगातून, पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून, आणि बीडहून. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. माणसाला हत्याराच्या नावानं मोजणं इथे इतकं अंगवळणी पडलं आहे की ते कुणाच्या कानाला खटकत नाही. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, वाढे बांधायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचं, आणि पोटुशी असली तरी हेच. कित्येकींची बाळंतपणं फडावर झाली. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड मजूर बायांची शासकीय पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड पडतो, हे त्यामागचं एक कारण त्या बायांनीच सांगितलं.

आता हडळ पुन्हा आठवा. बाळंतपणात गेलेली, पिकात उभी राहणारी. उसात बाळंत होता होता जाण्याची पाळी आमच्या घरातल्या बायांवर येणार नव्हती, आमच्या दाराशी गाडी होती. ती पाळी कोपीतल्या बाईवर येणार होती. म्हणजे लहानपणी आम्हाला जिची भीती घातली, ती आमचाच ऊस तोडायला आलेली होती. जिनं आम्हाला भ्यायचं तिलाच आम्ही भूत केलं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि 'ओनिबाबा' पाहिल्यावरच हे मला उमगलं.

या जिल्ह्यात सिनेमानं बाजू बदलल्याचं एक मोठं उदाहरण घडलं आहे. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकले. 'पिस्तुल्या' तिथलाच. त्यांच्या 'फँड्री'ची कथा नगरजवळच्या अकोळनेरात घडते. त्याला कुणी भयपट म्हणणार नाही. पण त्यातला जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, कारण तिची राख टाकली की शालू वश होईल असं त्यानं ऐकलं आहे. करणी, वशीकरण हे सगळं त्यात आहे, फक्त दुबळ्याच्या हातात. त्याच्याकडे दुसरं काही नाही म्हणून त्याच्याकडे जादू आहे. आणि डुकरामागे धावणाऱ्या त्याच्या घरादाराकडे बघून हसणारं गाव, ती खरी भीती. सिनेमा १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. त्याच वर्षी एप्रिलअखेरीस जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांचा एक दलित शाळकरी मुलगा वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून मारला गेला. खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड त्यानंतर मला पडद्यावर बघवत नाही. श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' केला तो धनगरांच्या चालत्या बिऱ्हाडावर. माणसं आपापल्या वाटेनं कॅमेऱ्यापर्यंत पोचली. कोपीतली बाई अजून पोचायची आहे. ती भयपटातून पोचावी असं मला फार वाटतं, कारण तिच्या आयुष्यातली रात्र, ऊस, बिबट्या, मुकादम आणि पोटातलं बाळ हे सगळं त्या भाषेत आधीच लिहिलेलं आहे.

मुखवट्याविषयी एक राहिलं. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. उन्हाळ्यात रात्रभर देव, राक्षस, जनावरं यांची सोंगं मशालीच्या उजेडात नाचत येतात. सोंग घेणाऱ्याच्या अंगात ते येतं, असं मानतात, म्हणून मुखवटा घालण्याआधी आणि काढल्यावर त्याला हात जोडतात. तिथे मुखवटा सगळ्या गावाचा असतो आणि तो उतरवायची रीतही ठरलेली असते. 'ओनिबाबा'तली म्हातारी एकटीच मुखवटा घालते. उतरवायला गाव नाही, देव नाही, फक्त पाऊस आहे. ज्यांनी बोहाडा पाहिला आहे त्यांना हा प्रसंग टोकियोतल्या प्रेक्षकापेक्षा जास्त कळेल.

बघताना आवाजाकडे लक्ष द्या. हिकारू हायाशी यांचे ढोल आणि गवताची सळसळ यांच्यामध्ये फार थोडे संवाद आहेत, त्यामुळे खालची अक्षरं वाचता आली नाहीत तरी अडत नाही. सिनेमात उघडी शरीरं आहेत. उकाड्यात झोपडीत राहणाऱ्या माणसांची असतात तशी. त्यात चाळवण्याचा हेतू नाही. तरी मुलांबरोबर बसू नये. कुणाला शिंदो यांचं आणखी काही पाहायचं असेल तर १९६० चा 'नेकेड आयलंड' पाहावा. कोरड्या बेटावर खांद्यावरून पाणी वाहणारं एक जोडपं, जवळजवळ एकही शब्द नाही. पारनेर-पाथर्डीच्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा शेजारी एक बाई बसल्या होत्या. वीस-बावीस हंगाम कोयता चालवलेल्या, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. अर्थ मी सांगत होतो. खड्डा आला, प्रेतं आली, त्या हलल्या नाहीत. मग दोघी चिलखतांचं ओझं घेऊन व्यापाऱ्याच्या गुहेत जातात, तो माल उलटापालटा करून बघतो आणि धान्याच्या पिशव्या पुढे टाकतो. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"एवढ्याच? दोघींत मिळून एवढंच दिलं त्यानं?"

मी मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा दाखवला. त्यांनी पिशव्या मोजल्या, सासूनं घासाघीस करताना व्यापाऱ्याकडे कसं बघितलं ते बघितलं आणि म्हणाल्या, "हां. मुकादमच हाय त्यो. चालू द्या म्होरं."